अशोकाखाली सावली का पडत नाही?

उन्हाळ्यात भर दुपारी सोसायटीच्या कुंपणालगतच्या अशोकांखाली उभं राहून पाहावं. झाडं तीन मजले चढलेली, पण सावली जेमतेम एखाद्या स्कूटरच्या सीटपुरती. फांद्या खोडाला बिलगून खाली लोंबणाऱ्या, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नुसता पानांचा हिरवा खांब. रामायणाची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या कुणालाही इथे शंका यावी. रावणाने सीतेला अशोकवनात ठेवलं म्हणतात, तर तिथे ती ऊन चुकवायला बसत कुठे होती?

शंका रास्त आहे आणि उत्तर सोपं आहे. सोसायटीतला अशोक हा अशोकवनातला अशोक नव्हेच. (जाता जाता, वाल्मीकींच्या रामायणात हनुमान ज्या झाडावर दडून बसतो, ते झाडही अशोकाचं नाही. ती शिंशपा, म्हणजे शिसवीच्या गोतातलं झाड. भोवतालचं वन मात्र अशोकांचं.)

दुसरी शंका फुलांची. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात राणी धारिणी झोपाळ्यावरून पडते, तिचा पाय दुखावतो आणि अशोकाला पाय लावायचं काम मालविकेकडे येतं. सुंदर तरुणीची लाथ बसली की अशोक बहरतो, असा तो जुना कविसंकेत. कुशाणकाळातल्या मथुरेच्या शिल्पांतही अशोकाला असा पाय लावणाऱ्या स्त्रिया कोरलेल्या आहेत. मदनाच्या पाच बाणांतला एक बाण अशोकाच्या फुलाचा. आता सोसायटीतल्या अशोकाकडे मार्चच्या सुमारास पाहावं. फुलं येतात, नाही असं नाही, पण फिकट पोपटी रंगाची, पानांतच हरवून जाणारी. मदनाने असला बाण सोडला तर तो लागल्याचंही कुणाला कळायचं नाही.

म्हणजे नाव एक, झाडं दोन. बागेतल्या झाडाचं बोलीतलं नाव कळलं की झाड कळलं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते नाव हा शोधाचा आरंभ असतो. तिथून पुढे झाडापर्यंत पोहोचायचं तर पान, फूल, फळ आणि चीक यांच्याकडे जावं लागतं.

दोन अशोक, दोन कुळं

काव्यातला अशोक मराठीत ‘सीतेचा अशोक’ किंवा ‘रक्ताशोक’ म्हणून ओळखला जातो. शास्त्रीय नाव साराका असोका. हा शेंगांच्या कुळातला, म्हणजे चिंच, बहावा, गुलमोहर यांचा भाऊबंद. सह्याद्रीच्या सदाहरित रानात, ओढ्याकाठच्या ओलाव्यात तो आपसूक उगवतो. उंची बेताची, सहसा आठ-नऊ मीटरच्या आत, पण घेर पसरट आणि पानोळा दाट. याच्याखाली माणूस खुशाल पथारी टाकेल.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात त्याच्या जून फांद्यांवर, कधी थेट खोडावरही फुलांचे गच्च गुच्छ धरतात. उमलताना पिवळट नारिंगी आणि वय होत जाईल तसे तांबडे, त्यामुळे एकाच गुच्छात सगळ्या छटा एकदम दिसतात. हातात घेऊन नीट पाहिलं तर एक गंमत लक्षात येते. या फुलाला पाकळ्याच नाहीत. ज्यांना आपण पाकळ्या समजतो ती चार रंगीत दलं म्हणजे कळीवरचं बाहेरचं आवरण, इतर फुलांत जे हिरवं असतं आणि ज्याला निदलपुंज म्हणतात ते. त्यातून बाहेर आलेले लांबलचक पुंकेसर गुच्छाला झुपकेदार करतात. फुलं सरली की चपट्या, चामड्यासारख्या शेंगा.

कुंपणाचा अशोक म्हणजे मोनून लाँगिफोलियम. पुस्तकांतून आणि रोपवाटिकांतून त्याचं जुनं नाव पॉलिअल्थिया लाँगिफोलिया अजून चालतं. हा मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला. कुळ मात्र सीताफळाचं. पटत नसेल तर फूल पाहावं. सीताफळाच्या कुळाची खूण म्हणजे तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत सहा पाकळ्या, आणि या पोपटी ताऱ्याला त्या बरोबर सहा असतात, अरुंद आणि नागमोडी कडांच्या. फळंही शेंगा नव्हेत. एकाच देठावर अंडाकृती फळांचा घोस, पिकल्यावर जांभळा-काळा, प्रत्येक फळात एक बी. पावसाळ्याच्या सुमारास वटवाघुळं आणि कोकीळ या फळांवर तुटून पडतात. सकाळी गाडीच्या टपावर चोखून टाकलेल्या बिया सापडतात त्या याच्या.

या दुसऱ्या अशोकातही एक उपप्रश्न दडलेला आहे. आपल्याला दिसतो तो खांबासारखा प्रकार माळ्यांनी निवडून वाढवलेला. त्याच झाडाचं मूळ रूप चारचौघांसारखं आडव्या फांद्या पसरणारं असतं. मुंबई-पुण्याच्या जुन्या बागांत आणि रस्त्यांवर असे पसरट अशोक उभे आहेत. पण ‘अशोक म्हणजे उंच आणि सडपातळ’ हे डोक्यात इतकं बसलंय की त्यांना कुणी अशोक म्हणून ओळखत नाही. आकार ही झाडाची सगळ्यात ठळक खूण वाटते आणि तीच सगळ्यात आधी दगा देते. छाटणी, जागा, ऊन, माळ्याची निवड, सगळ्यांनी आकार बदलतो. फुलाची घडण बदलत नाही.

पान नेमकं कुठे सुरू होतं?

फूल वर्षातले थोडेच दिवस असतं. एरवी ओळखायचं कसं? इथे पान कामाला येतं, पण त्याआधी पान कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं.

सीतेच्या अशोकाचं एक पातं आणि कुंपणाच्या अशोकाचं एक पातं तोडून शेजारी ठेवलं तर भलेभले फसतात. दोन्ही लांबट, टोकदार, चकचकीत. पण पहिलं हे पान नाहीच, तो पानाचा एक भाग आहे. सीतेच्या अशोकाचं एक पान म्हणजे मधली एक शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर जोडीने लागलेली, बहुधा चार ते सहा जोड्या, अशी पाती. या प्रत्येक पात्याला पर्णिका म्हणतात आणि अशा पानाला संयुक्त पान. कुंपणाच्या अशोकाचं पातं हे मात्र पूर्ण पान, एकटं, नागमोडी कडेचं, थेट डहाळीला लागलेलं.

फरक सांगायची हमखास खूण डोळ्यात आहे. डोळा म्हणजे माळी कलम बांधताना ज्याला डोळा म्हणतात तोच, पानाच्या देठाच्या बगलेतला बारीकसा कोंब, ज्यातून पुढे फांदी किंवा फूल फुटतं. खऱ्या पानाच्या बगलेत तो असतो. पर्णिकेच्या बगलेत कधीच नसतो. म्हणून एखादं हिरवं पातं पान आहे की पर्णिका, असा संभ्रम पडला तर त्याच्या देठाच्या मुळाशी डोळा शोधावा. तिथे काही नसेल तर देठ धरून मागे मागे यावं आणि जिथे डोळा दिसेल तिथे थांबावं. तिथपासून टोकापर्यंत सगळं मिळून एक पान. या हिशेबाने गुलमोहराचं हातभर लांब पिसासारखं जे दिसतं ते अख्खं एकच पान असतं आणि शेवग्याचंही तसंच.

नवी पालवी आणखी एक दुवा देते. सीतेच्या अशोकाची कोवळी पानं तांबूस, मऊ आणि मान टाकल्यासारखी सरळ खाली लोंबतात. पाणी कमी पडलं म्हणून सुकली असं वाटून पुष्कळ जण रोपाला उगाच पाणी घालत बसतात. ती सुकलेली नसतात. त्यांच्यात हरितद्रव्य आणि ताठरपणा उशिरा भरतो, इतकंच. काही दिवसांत पान हिरवं होऊन उचललं जातं. असं कोवळेपण कीटकांना कमी आकर्षक ठरत असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी, मुंबईच्या राणीच्या बागेत जी मोठ्या कौतुकाने दाखवतात, तिची पालवीही अशीच लोंबते. उर्वशी आणि सीतेचा अशोक एकाच कुळातले आणि जवळचे नातलग आहेत. नावावरून हे नातं कुणाला सुचलं नसतं.

चाफ्यांचा गोतावळा

बोलीतली नावं फसवतात, कारण ती कुळ सांगण्यासाठी ठेवलेलीच नसतात. चाळीत ‘अण्णा’ म्हणून हाक मारली तर तीन दारांतून तीन अण्णा डोकावतात आणि त्यांचं आपसात नातं असेलच असं नाही, तशातला हा प्रकार. लोकांना झाडाकडून जे हवं असतं त्यावरून नाव पडतं, मग तो वास असो, रंग असो की सणाला लागणारं पान. चाफा हे याचं सगळ्यात बहारदार उदाहरण.

वासाच्या फुलांना मराठीने सढळ हाताने चाफा म्हटलं. त्यामुळे सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा, कवठी चाफा, नागचाफा आणि भुईचाफा असे सहा जण एका नावाखाली गोळा झाले, आणि या सहांत पाच वेगवेगळी कुळं निघतात. आडनाव खऱ्या अर्थाने जुळतं ते फक्त सोनचाफा आणि कवठी चाफा यांचं, कारण दोघंही मॅग्नोलियाच्या कुळातले.

यांना वेगळं करायला फार वेळ लागत नाही. पान तोडताच देठातून दुधासारखा चीक आला तर तो देवळापुढचा पांढरा चाफा. कण्हेरीच्या कुळाचा हा स्वभावच आहे. हे झाड मूळ उष्ण अमेरिकेतलं आणि त्याचं प्लुमेरिया हे नाव फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ शार्ल प्लुमिए यांच्यावरून आलं. कोकणातल्या देवळांच्या आवारात तो इतका रुळलाय की परदेशी म्हटलं तर पुजारीबुवा भांडायला उठतील. सोनचाफ्याला असा चीक नाही. त्याच्या डहाळीवर मात्र प्रत्येक पानाच्या मुळाशी गोल कडं उठलेलं दिसतं. कळीला जपणारं आवरण गळून पडल्याचा तो वण. हिरवा चाफा हे झाडच नव्हे, ती आधाराने चढणारी भरदार वेल आहे आणि आधार पकडायला तिला आकड्यासारखे वाकडे देठ असतात. नागचाफ्याला चार पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या केसरांचा भला मोठा झुबका. भुईचाफा तर हळदीच्या गोतातला. पानं यायच्या आधी त्याचं फूल थेट जमिनीतून वर येतं.

आता हिरव्या चाफ्याच्या फुलाच्या पाकळ्या मोजाव्यात. तीन आणि तीन, सहा. म्हणजे सीताफळाचं कुळ. कुंपणाचा अशोक आणि हिरवा चाफा, एक अशोकांत घुसलेला आणि एक चाफ्यांत, पण दोघंही मुळात एका घरचे.

मोहोरांचं असंच. गुलमोहर मादागास्करचा, शेंगांच्या कुळातला. सोनमोहरही त्याच कुळातला. नीलमोहर मात्र दक्षिण अमेरिकेतला आणि त्या कुळाशी त्याचा काही संबंध नाही. बारीक पिसांसारखी पानं बघून नातं लावलं गेलं. फळ हातात घेतलं की फरक उघड होतो. गुलमोहराची तलवारीसारखी लाकडी शेंग, तर नीलमोहराची चपटी गोल डबी आणि तिच्यात कागदी पंखांच्या बिया.

दसऱ्याचं सोनं

नावाच्या घोटाळ्याची किंमत कधी कधी भलत्याच झाडाला मोजावी लागते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शहरांतल्या बाजारांत ‘आपटा’ म्हणून जे ढीग येतात त्यांत पुष्कळदा कांचनाची पानं असतात. दोन्ही झाडं जवळच्या नात्यातली, दोघांचंही पान टोकाला चिरून दुभंगलेलं. वनस्पतिशास्त्रात या गणाला बॉहिनिया म्हणतात, बॉहिन आडनावाच्या दोन वनस्पतितज्ज्ञ भावांच्या स्मरणार्थ. एका पानाचे दोन समान भाग, ही आठवण सोयीची आहे.

ओळखायला पान हातात घेणं पुरे. आपट्याचं पान लहान, जाड, खरबरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि मागून करडं. कांचनाचं मोठं, तळहाताएवढं आणि पातळ. दसऱ्याच्या सुमारास फांदीवर मोठी गुलाबी-जांभळी फुलं दिसली तर तो रक्तकांचन. आपट्याची फुलं बारीक, फिकट पिवळट आणि ती वेगळ्या ऋतूत येतात. खरं तर सोनं म्हणून दोन्हीपैकी कुणालाही ओरबाडू नये.

चौकट : झाडाला विचारायचे प्रश्न

• पातं तोडल्यावर चीक येतो का? पांढरा की रंगहीन?
• देठाच्या बगलेत डोळा कुठे आहे? म्हणजे पान साधं की संयुक्त?
• पानं डहाळीवर समोरासमोर लागली आहेत की एकाआड एक?
• फुलाला पाकळ्या किती? की पाकळ्याच नाहीत?
• फळ शेंग आहे, घोस आहे की डबी?
• उंची, घेर आणि आकार सगळ्यात शेवटी पाहावेत.

शास्त्रीय नाव काय वेगळं करतं?

शास्त्रीय नावात जादू नाही. त्याची ताकद इतकीच की प्रत्येक नाव एका ठरावीक नमुन्याला किंवा चित्राला बांधलेलं असतं आणि ते कुणी, कुठे, कधी छापलं याची नोंद राहते. वाद झाला तर लोक त्या नमुन्याकडे परत जातात.

ही पद्धत रुळायच्या आधीही जाणत्यांनी हेच साधायचा प्रयत्न केला होता. सतराव्या शतकात कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातल्या चित्रांवर झाडांची नावं मल्याळी आणि अरबीबरोबर कोकणीतही, तीही नागरी लिपीत कोरलेली आहेत. रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांनी माहितीची साक्ष दिली आणि 1675 सालचं त्यांचं पत्र ग्रंथात छापलेलं आहे. सीतेच्या अशोकाचं चित्र पाचव्या खंडात त्याच्या मल्याळी नावासह आहे. नावासोबत चित्र असल्यामुळेच आज साडेतीनशे वर्षांनंतरही ते नाव कोणत्या झाडाचं याबद्दल शंका उरत नाही.

अर्थात शास्त्रीय नावंही बदलतात, आणि अशोकाने इथेही सगळ्यांना दमवलं. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी विद्वान न्यायाधीश विल्यम जोन्स यांच्या स्मरणार्थ सीतेच्या अशोकाला जोनेशिया असोका म्हटलं. त्याआधी 1767 मध्ये लिनियसने जावाकडच्या एका झाडाला साराका इंडिका हे नाव दिलं होतं. पुढे आपला अशोक तोच, असं धरून भारतातल्या अनेक पुस्तकांत साराका इंडिका छापलं गेलं. दोन्ही झाडं वेगळी आहेत हे विसाव्या शतकात स्पष्ट झालं आणि आपल्या झाडाला साराका असोका हे नाव पक्कं झालं. कुंपणाच्या अशोकाला 2012 मध्ये जनुकीय अभ्यासानंतर पॉलिअल्थियातून काढून मोनूनमध्ये टाकलं. हे सगळं त्रासाचं खरं, पण जुनं नाव नव्या नावाशी जोडून नोंदवलेलं राहतं. ‘अशोक’ हे नाव एका झाडावरून दुसऱ्यावर कधी गेलं, याची नोंद कुणी ठेवली नाही.

साल आणि रोप

सीतेच्या अशोकाची साल आयुर्वेदात फार पूर्वीपासून वापरतात. स्त्रियांच्या तक्रारींवर दिलं जाणारं अशोकारिष्ट याच सालीचं. झाड हळू वाढणारं, साल काढली की जायबंदी होणारं, आणि मागणी मोठी. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या यादीत ते असुरक्षित गटात नोंदलेलं आहे. त्यामुळे बाजारात सीतेच्या अशोकाच्या सालीत कुंपणाच्या अशोकाच्या सालीची भेसळ होते, हे औषधी वनस्पतींच्या अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिलं आहे. यातली अडचण लक्षात घ्यावी. पान, फूल, फळ या सगळ्या खुणा वाळलेल्या सालीच्या तुकड्यात नाहीशा झालेल्या असतात. तिथे मग सूक्ष्मदर्शक, रासायनिक चाचणी किंवा जनुकीय तपासणी लागते, जी गिऱ्हाइकाच्या हातात नसते. दोन्ही झाडांना अशोकच म्हटल्यावर विकणाऱ्याला खोटं बोलण्याचीही गरज पडत नाही.

रोप विकत घेताना मात्र ओळख पूर्णपणे गिऱ्हाइकाच्या हातात असते. ‘अशोक द्या’ म्हटलं तर रोपवाटिकेतून बहुधा कुंपणाचाच अशोक मिळतो आणि आडोशासाठी तो चांगलाच आहे. अरुंद जागेत बसतो, आवाज आणि धूळ थोडी अडवतो, फार लाड मागत नाही. पण सावली आणि वसंतातली फुलं हवी असतील तर सीतेचा अशोक असं स्पष्ट सांगावं, आणि पिशवीतल्या रोपाची पानं जोडी-जोडीने पर्णिका लागलेली आहेत का ते तिथेच बघून घ्यावं. लावायची जागा अर्धवट सावलीची आणि ओलाव्याची निवडावी. पहिल्या उन्हाळ्यांत पाणी तुटू देऊ नये, आणि तांबूस पालवी लोंबू लागली म्हणून रोप परत करायला निघू नये.